वडवणीच्या अर्जुनरावांचा हत्ती

मुक्काम चौसाळा, आश्विन शुद्ध षष्ठी, फसली सन १३२२

तीर्थस्वरूप विठ्ठलराव दाजी यांच्या चरणी धाकट्या मेहुण्याचा, म्हणजे रामहरीचा, साष्टांग नमस्कार. आपली आणि आक्काची प्रकृती उत्तम असेल, पाटोद्याकडे पेरणीपुरती ओल असेल आणि आपल्या गुडघ्याने यंदा थंडीची तरी वाट पाहिली असेल, अशी उमेद आहे. इकडे सर्व क्षेम आहे असं लिहायची रीत आहे म्हणून लिहितो. खरं म्हणाल तर क्षेम आहे ते गोठ्यात. मी काल संध्याकाळपासून अन्नाला शिवलेलो नाही (दोन भाकरी खाल्ल्या, पण त्या अंजनाच्या आईने समोर उभं राहून खायला लावल्या, त्या मी धरत नाही). रस्त्यावर घुंगरू वाजलं की वडवणीहून निरोप आला असं वाटून मी दारात जाऊन उभा राहतो. दाजी, चार महिने खेटे घालून तुम्ही माझ्या अंजनाची सोयरीक अर्जुनरावांच्या धाकट्याशी जुळवत आणलीत, आणि मी ती काल बहुधा मोडून ठेवली आहे. एका हत्तीपायी. हत्ती मातीचा आहे, हे आधीच सांगतो, नाहीतर आक्का इथवर ऐकूनच रडायला लागेल.

आमच्या मंगळवारच्या बैठकीबद्दल तुम्हाला ठाऊक नाही (ठाऊक होऊ नये अशी तजवीज मीच केली होती). पैठणच्या शालिवाहनाची गोष्ट तुम्हीही लहानपणी ऐकली असेल. कुंभाराघरी वाढलेल्या त्या पोराने मातीचे शिपाई केले, पाणी शिंपडून उभे केले आणि उज्जैनच्या विक्रमराजाला नर्मदेपार पिटाळलं. दोन वर्षांमागे पोळ्याच्या आदल्या दिवशी आमचा सटवा कुंभार ओसरीवर मातीचे बैल घेऊन आला, तेव्हा मी सहज म्हणालो की बैल दरसालचेच, एकदा शिपाई करून बघ. माणसाने बोलण्याआधी विचार करावा तो असा. सटवाने महिनाभरात बोटाएवढ्या उंचीचे दोनशे शिपाई, चाळीस घोडे आणि आठ हत्ती भाजून आणले. तेव्हापासून दर मंगळवारी दिवस कलला की ओसरीवर घोंगडी पसरायची, तिच्यावर जुन्या निळ्या लुगड्याची पट्टी टाकून गोदावरी करायची, आणि मी व दुकानदार भगवानराव यांनी समोरासमोर फौजा लावायच्या. चाल मोजायला गाठी मारलेली सुतळी आहे: पायदळ एक गाठ, हत्ती दोन, घोडा तीन. दोन फळ्या भिडल्या की कवड्या टाकायच्या, जास्त उताण्या पडतील त्याची जीत. सटवा पंच. आणि एक नियम असा की राजाचा हत्ती घोंगडीवरून खाली गेला तर राजा पडला असं समजून त्याची सगळी फौज पळाली. हा नियम माझा. त्याची मला गेली दोन वर्षं फार ऐट होती.

काल मंगळवार होता हे मी विसरलो होतो असं नाही. अर्जुनराव बीडच्या कचेरीतलं काम आटोपून मुक्कामाला येणार, मुलगी पुन्हा एकदा पाहून देण्याघेण्याचं बोलून टाकणार, असा तुमचाच निरोप होता. म्हणून मी घोंगडी माळ्यावर टाकली, फौजा टोपल्यांत झाकल्या आणि भगवानरावांना येऊ नका म्हणून सांगितलं. पण चहा पिताना पाहुण्यांनी आपणहून विषय काढला. वडवणीच्या बाजारात म्हणे कुणीतरी सांगितलं की चौसाळ्याचा रामहरी मातीच्या लढाया लढतो. मला वाटलं, आता हसणार आणि उठणार. तर ते म्हणाले, काढा फौज, मी विक्रम होतो. मी आत टोपल्या आणायला गेलो, तर अंजनाची आई दाराआड उभी. ती एवढंच बोलली: “पोरीचे बाप हाव तुमी. गुमान हरायचं.”

दाजी, हरणं सोपं असतं असं ज्याला वाटतं त्याने कधी मनापासून हरून बघावं. मी पहिल्याच चालीला पन्नास शिपाई गोदावरीत घातले. नदीत उतरलेल्या पायदळाला दोनच कवड्या मिळतात, म्हणजे मरण ठरलेलं. दोन्ही उताण्या पडल्या आणि माझे शिपाई पलीकडे जाऊन अर्जुनरावांचे सहा घोडे मारून बसले. मी माफी मागितली. सटवा म्हणाला, लढाईत माफी बसत नाही. मग मी शालिवाहनालाच एकटा पुढे ढकलला (असं कुठला राजा करत नाही, पण मुलीचा बाप करतो), तर अर्जुनरावांनी त्यात काही डाव असेल म्हणून हत्ती मागे घेतले. शेवटी मी कवड्या टाकताना मूठ थोडी तिरकी करायला शिकलो आणि देवाने डोळे उघडले. पाहुणे जिंकू लागले. त्यांनी पगडी काढून मांडीवर ठेवली, पानाचा तोबरा भरला, माझा एकेक घोडा उचलून ते आपल्या गुडघ्याशी ओळीने निजवू लागले. आत फोडणीचा वास सुटला होता, पुरणाची तयारी चालली होती. मला वाटलं, अजून चार चाली, की लेकीचं कल्याण झालं.

तेवढ्यात दिवेलागण झाली. अर्जुनराव हातपाय धुवायला मागच्या आडावर गेले. आता, घटस्थापनेपासून आमच्या अंगणात गल्लीतल्या मुलींचा हादगा चालू आहे, हे तुम्हाला सांगायला नको. अंजनाचं हे माहेरच्या हादग्याचं शेवटचं वर्ष, म्हणून जरा धडाक्याने चालू आहे. पाटावर मातीचा हत्ती मांडायचा, पूजा करायची, फेर धरून गाणी म्हणायची. काल नेमकी त्यांच्या हत्तीची सोंड मोडली, आणि मोडक्या मूर्तीची पूजा चालत नाही. अर्जुनराव पंच्याने तोंड पुसत परत आले, तर घोंगडीवर विक्रमराजाचा हत्ती नाही. अंगणात पाहतात तो हत्ती पाटावर, कपाळाला हळद-कुंकू, गळ्यात झेंडूची माळ, अंबारीतल्या विक्रमराजाच्या नाकापर्यंत फुलं, आणि भोवती पंधरा मुली फेर धरून गाताहेत. मी त्या वेळी सुतळीची गुंतलेली गाठ सोडवत होतो, मला काहीएक दिसलं नाही, हे तुम्ही वडवणीला जरूर सांगावं.

अर्जुनराव शांतपणे म्हणाले की हत्ती परत ठेवा. ठेवलाही असता. पण आमच्या मातोश्री (म्हणजे तुमच्या सासूबाई, स्वभाव तुम्ही जाणताच) पायरीवर येऊन बसल्या आणि पाहुण्यांना म्हणाल्या, “हळद-कुंकू लागलेला देव कोजागरीपत्तुर पाटावरून हालत न्हाई.” मी सटवाकडे डोळ्यांनी विनवणी केली, की बाबा, दुसरा हत्ती राजाचा धरू. सटवा गरीब माणूस, पण पंच झाला की कुणाच्या बापाचं ऐकत नाही. तो म्हणाला, “हत्ती घोंगडीवर न्हाई, म्हंजे फौज न्हाई. शालिवाहन जिकला. मी कुंभार हाय, वकील न्हाई.” अर्जुनरावांनी पगडी डोक्यावर ठेवली आणि छकडा जुंपायला सांगितला. पुरणाची पोळी तव्यावर राहिली. अंजनाच्या आईने विड्याचं तबक पुढे केलं, तर त्यांनी त्याला हात जोडले, आणि विडा न उचलता ते गेले. देण्याघेण्याचा शब्द निघालाच नाही. रात्रभर मी आढ्याकडे बघत पडलो होतो. लोक काय म्हणतील ते म्हणोत, पण हत्ती पळवला म्हणून परत गेलेल्या स्थळाची मुलगी उद्या दुसरीकडे कोण करील?

तरी दाजी, हे पत्र पोचताच (आमच्या गड्याला, पंडितला, घोडं देऊन पाठवतो आहे, त्याला जेवू घालावं) आपण वडवणी गाठावी आणि माझ्या वतीने पदर पसरावा. पोर अजाण आहे म्हणावं. सटवाकडून दुप्पट उंचीचा हत्ती भाजून पाठवतो म्हणावं. हवं तर शालिवाहन हरला असं मी सरकारी स्टांपावर लिहून देतो आणि खाली गावच्या पाटलाची साक्ष घालतो. पैठणकरांना राग आला तर तो मी सोसीन. आक्काला दंडवत, मुलांना आशीर्वाद. आपल्या भरवशावर श्वास घेत असलेला, आपला, रामहरी.

ता. क. अंजनाच्या आईने वरचं सगळं वाचून घेतलं. तिचं म्हणणं, मी कवड्यांचा मजकूर फार लांबवला आणि पुरणाचा फार आटोपता घेतला. पुरण सव्वा पायलीचं होतं, असं तिने लिहायला सांगितलं आहे.

दुसरा ता. क. ती आत गेली. दाजी, सुतळीची गाठ गुंतलेली नव्हती. अर्जुनराव आडावर गेले तेव्हा अंजना उंबऱ्यात येऊन म्हणाली, आबा, आमचा हत्ती मोडला, तुमच्यातला एक घेऊ का? ती माझ्या उरलेल्या दोन हत्तींकडे बघत होती. मी बोलून काही सांगितलं नाही, नुसतं बोट केलं, विक्रमराजाच्या हत्तीकडे. सटवाने ते पाहिलं आणि तो दिव्याची वात सारू लागला. त्याला बोल लावू नका.

का केलं म्हणाल, तर आडावर जायला उठण्याआधी माझा शेवटचा घोडा उचलताना अर्जुनराव हसत मला म्हणाले होते, “व्याही, पोरीकडच्यांनी हरायचंच असतंय. आमच्यात आलेल्या सुनंला बी पयल्या दिशी हेच शिकवितो.” मीही हसलो. हसलो याची अजून लाज वाटते. आत अंजना हादग्याच्या मुलींना मोठ्याने काहीतरी बजावत होती. तिचा आवाज तुम्हाला ठाऊक आहे, चार घरं ऐकू जातो.

तर वडवणीला जाऊन लगेच माफी मागू नका. गुडघा दुखतो म्हणून दोन दिवस तिथे मुक्काम करा. त्यांच्या दोन्ही थोरल्या सुना कशा वावरतात ते बघा. त्यांचा आवाज ओसरीपर्यंत ऐकू आला, तर माझं नाव सांगून अर्जुनरावांचे पाय धरा, म्हणतील तसं आणि म्हणतील तेवढं. नाही ऐकू आला, तर त्यांच्या घरचं पाणीही न पिता उठून या.