पांढऱ्या गाऊनचं माप

आई,

जयभीम. रविवारी माझं लग्न आहे आणि मी तुझ्यावर भयंकर चिडलेय. हे पत्र त्यासाठीच. तू असतीस तर तोंडावर भांडले असते, तू मशीन न थांबवता "बोल, बोल" म्हणाली असतीस आणि विषय तिथेच मिटला असता. आता कुणाशी भांडू?

तूच माझ्या डोक्यात भरवलंस ना ते? मोबाइलवर कुठल्याशा नवरीचा पायघोळ गाऊन बघून म्हणालीस, "आपल्यात लग्नाला पांढरंच लागतं, मग साडीच कशाला? तुला असा शिवते." पप्पा म्हणाले, लोक हसतील. तू म्हणालीस, "हसू देत, शिवणारी मी आहे!"

आणि गेल्या उन्हाळ्यात गेलीस निघून. छातीत दुखतंय हे शेजारच्या काकूंना सांगितलंस, मला नाही. का गं? लग्नसराई होती म्हणून? लोकांच्या पोरींची ब्लाउजं वेळेत गेली, आई. सगळी गेली. माझा गाऊन तेवढा राहिला.

कॉलेज रोडच्या एका बुटिकमध्ये भाव ऐकला आणि आल्या पावली परत फिरले. द्वारका चौकाजवळचा तुझ्या ओळखीचा टेलर म्हणाला, "ताईंच्या पोरीचं मी शिवू? हात नाही चालणार माझा." एकाचं परवडेना आणि दुसरा रडायलाच लागला!

शेवटी बँकेतली माझी मैत्रीण स्वाती व्हिएतनामला फिरायला निघाली. तिथे म्हणे बाहेरून आलेल्यांना दोन-तीन दिवसांत मापावर शिवून देतात, आणि आपल्या बुटिकपेक्षा कितीतरी स्वस्तात. म्हटलं, ने बाई माझं माप.

पण माप होतं कुठे? तू जन्मात माझ्या अंगाला टेप लावली नाहीस. गिऱ्हाइकाला "मापाचं ब्लाउज आणा" म्हणायचीस आणि माझं नुसतं बघून कापायचीस. मग तुझं कपाट उघडलं. सगळ्यात खाली, जुन्या ओढणीत गुंडाळलेलं पांढरं ब्लाउज निघालं. नवंकोरं. बाहीला बारीक लेस, हुकसुद्धा लावलेले. मला वाटलं, माझंच! लग्नासाठी शिवून ठेवलंस! घालून बघायचा धीर झाला नाही. ते पोटाशी धरून बराच वेळ बसले, मग पलंगावर पसरून टेपने मोजलं आणि आकडे स्वातीला दिले.

तिथली शिवणारी बाई व्हिडिओ कॉलवर मला बघून पुन्हा पुन्हा विचारत होती, खरंच एवढी कंबर? मी तोऱ्यात सांगितलं, "माझी आई टेलर आहे. तिचं माप चुकत नाही."

काल गाऊन हातात आला. काय सुंदर शिवलाय गं! घातला आणि खांदे खाली घसरले, कंबरेत तर आणखी एक मी मावले असते. दुसरा शिवायला आता वेळ कुठे आहे? पप्पांनी लगेच साडीचा विषय काढला. मी ते ब्लाउज बाहेर काढून गाऊनशेजारी आपटलं आणि तुला नको नको ते बोलले. पोरीसाठी एक ब्लाउज शिवलंस, तेही पोरीकडे न बघता?

दिंडोरीची मावशी लग्नासाठी आलीच होती. तिने ब्लाउज उचललं, उलटसुलट करून पाहिलं आणि म्हणाली,

"अगं येडे, हे तुझं नाय. हे अक्काचं हाय, तुझ्या आयचं. तुझ्या लग्नात घालायला शिवलं होतं तिनं. मला दाखवलं होतं ना! म्हणली, पोरीचा गाऊन लय काम खाईल, आधी माझं उरकून ठेवते. ऐन वेळी मला कोण शिवून देणार?"

आई! हसू का आदळआपट करू, मला कळेना. आयुष्यभर आम्हा सगळ्यांचं शिवून झाल्यावर उरल्या वेळात तुझं व्हायचं, आणि नेमकं या वेळी स्वतःचं आधी? इतकं नटायचं होतं माझ्या लग्नात? मग डॉक्टरकडे जायला काय झालं होतं तुला? मी नेलं असतं गं. रजा काढून नेलं असतं.

आता मावशी तुझ्या मशीनवर बसून गाऊन आत घेतेय. मघाशी कात्री मागत होती. आतलं जादा कापड छाटून टाकते म्हणाली, नाहीतर कंबरेला टोचत राहील. मी कात्री दिली नाही. मग तिने जादा कापड तसंच आत दुमडलं आणि शिवायला लागली.

रविवारी मी हाच गाऊन घालणार. पप्पा काही म्हणोत, लोक काही म्हणोत. आणि तुला शब्द देते, त्याला कधीच कुणाला कात्री लावू देणार नाही. तुझ्या मापाचा आहे, तुझ्याच मापाचा राहील. टोचू दे.

तुझी, राग न गेलेली,
सोनू