फ्यूज कोणाच्या खिशात

सोमवार, ता. ४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

एक्केचाळिसाव्या वर्षी वायरमन व्हायचं खूळ कुठून आलं, असं विचारलंस. कारखाना बंद पडला आणि बाटल्यांवर लेबलं चिकटवणारी बाई दुसरीकडे कोणाला नको होती, तिथून आलं. माझा मिस्त्री माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. ताई म्हणतो आणि शिडी उचलायला लावतो.

एक गोष्ट लपवणार होते, पण तुझ्यापासून लपत नाही. गेल्या आठवड्यात शॉक बसला. मेन स्विच बंद आहे असं मी धरून चालले. चूक माझीच. हाताला काही झालं नाही, पण तेव्हापासून हात ऐकत नाही. टेस्टर पेटत नाही, तारेत वीज नाही, हे डोळ्यांना दिसतं. बोटं मात्र वीतभर अलीकडेच थांबतात. मला ठेवायचं की नाही, ते मिस्त्री महिनाअखेर ठरवणार आहे.

आहे तो लोभ असाच असू दे.

तुझी,
ठमी

शनिवार, ता. ९

चि. ठमीस,
अनेक आशीर्वाद.

पत्र वाचून तुझ्या वहिनीने घरातली सगळी बटणं बंद केली. तासभर घामाघूम बसलो. आधी हसू आलं, मग आलं नाही.

माझ्या मित्राचं विजेच्या सामानाचं दुकान आहे. त्याला काउंटरवर माणूस हवा आहे. तिथल्या तारा चावत नाहीत. पंधरा तारखेपर्यंत जागा राखून ठेवतो म्हणाला. बाई, यात हार कसली? हो म्हण. वहिनीही तेच म्हणते, आणि तिच्यापुढे माझं चालत नाही हे तुला ठाऊक आहे.

जिवाला जप. आमच्यावर एवढा लोभ कर.

तुझा,
दादा

गुरुवार, ता. १४

ती. दादास,
सा. न. वि. वि.

मित्राला नाही म्हणून कळव. आधी हे वाच, मग रागाव.

आमच्यात एक नियम आहे. मेन बंद करायचं, फ्यूज उपसायचा आणि जो तारेला हात लावणार, त्यानेच तो आपल्या खिशात ठेवायचा. म्हणजे खाली कोणी वीज सुरू करू शकत नाही. काल एका शाळेच्या जिन्यात मिस्त्रीने फ्यूज उपसला, माझ्या हातात दिला आणि शिडी चढला. तुझा फ्यूज राहिला, असं मी ओरडले. असू दे ताई, म्हणाला.

वीस मिनिटं त्याचे हात उघड्या तारांत होते. मी मेनला पाठ लावून उभी. पंखे कधी लागणार, असं विचारत शिपाई आला. एक पाऊल पुढे टाकलंस तर बघ, असं त्याला इतक्या जोरात सुनावलं की मिस्त्री शिडीवरून हसला. खिशावर हात एवढा घट्ट धरला होता की फ्यूजच्या कडा तळव्यावर उमटल्या. शॉक बसला त्या दिवशी स्वतःच्या जिवाची एवढी काळजी मी घेतली नव्हती.

खाली उतरून तो म्हणाला, दोन तारा राहिल्यात. नियमाने फ्यूज मी माझ्याच खिशात ठेवायचा. मी तो त्याला दिला. चढले. टेस्टर दोनदा लावला, मग आणखी एकदा. बोटं थांबली. खाली पाहिलं, तर तो मेनला पाठ लावून उभा होता आणि माझ्याकडे बघतही नव्हता.

पहिल्या तारेला दहा मिनिटं लागली. दुसरीला किती, ते पाहायचं राहून गेलं.

रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी,
ठमी