सत्काराचा चहा

सुमेधाताई, जयभीम.

तू शिकायला अमेरिकेत गेल्तीस, आता तिथल्याच सरकारी विद्यापीठाची कुलगुरू झालीस. गाव तुझ्या सत्काराची तयारी करून राह्यलंय. पण तिथल्या भाषणात तू म्हणालीस, लहानपणी गावातले लोक आम्हाला वरून ओंजळीत पाणी ओतायचे. तो व्हिडिओ इथं सगळ्यांनी पाह्यला. काल रामराव पाटील माणसं घेऊन घरी आल्ते. बिलकुल रागावले न्हाईत. ताई परतूरवरून येणार का, गाडीत संगं कोण असणार, हेच पुन्हा पुन्हा विचारलं. आईनं नव्या कपांत चहा दिल्ता. ते गेल्यावर पाह्यलं, तर सगळे कप भरलेलेच, वर साय धरलेली.

सत्कार रद्द झाला, एवढंच मी फोनवर सांगतो. हे पत्र पाठवलं, तर तू हट्टानं येशील.

तुझा भाऊ,
संघपाल