उरलेलं उद्या

प्रिय डॉक्टरीणबाई,

एका स्लाइडला खरा खर्च किती, असं तू लहानपणी विचारलं होतंस. एक काचपट्टी, चमचाभर मेण, दोन थेंब रंग, आणि शरीरातून काढलेल्या तुकड्यात मेण मुरायला एक रात्र. त्या रात्रीत काटछाट करायची नाही, हे मी दुसऱ्यांच्या लॅबमध्ये बाटल्या धुता धुता शिकलो आणि मग स्वतःची लॅब काढली. मेणाचा ठोकळा पात्याखाली सरकला की नुसत्या आवाजावरून मी कसर सांगतो. तीस वर्षांत माझ्या टेबलावर नमुन्याचा कणही न तपासता राहिला नाही, हे तर मी येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवत आलो. तुझी आई म्हणायची, यांचे कान हत्तीचे, फक्त घरातलं ऐकू येत नाही. खरंच होतं. पाळी जाऊन चार वर्षं झाली नि आता पुन्हा रक्त जातंय, हे तिनं तीनदा सांगितलं तेव्हा माझ्या कानात शिरलं.

गर्भाशयाच्या अस्तराचा नमुना बाटलीतून आला तो माझ्याच हातात. या आजारात सगळा निवाडा एकाच गोष्टीवर, हे तुला मी काय सांगू! अस्तर नुसतं दाटलंय आणि पेशी सरळ आहेत, तर गोळ्या आणि पुन्हा तपासणी. पेशींनी चेहरा बदललाय, तर पुढे कर्करोग उभा, पिशवीच काढायची. आपल्या लॅबचे रिपोर्ट लिहिणाऱ्या डॉक्टरकाकांनी स्लाइड बघून लिहिलं, पेशी सरळ. संध्याकाळी आई इतकी हसली की शेजारीण डोकावून गेली.

चौदा महिन्यांनी ती त्याच कर्करोगानं गेली. तेव्हापासून तू काकांशी बोलत नाहीस. ते मात्र अजून जुना रिपोर्ट काढून बसतात, चष्मा पुसतात आणि मला विचारतात, माझ्या नजरेतून काय सुटलं रे? मी म्हणतो, चहा घ्या.

माझ्या कपाटात मागच्या रांगेत एक बाटली आहे. दार उघडलं की ती शेजारच्या बाटलीला लागून टिक् वाजते. लॅबमध्ये कुणालाच ऐकू येत नाही. मला घरी जेवतानाही येतं.

काकांविरुद्धची तक्रार तू सोमवारी देणार आहेस, म्हणून हे लिहितोय. सोबतची स्लाइड हवी तितकी बघ, ती सरळच दिसेल. काका चुकले नाहीत. आईला रात्रभर टांगणीला ठेवायचं माझ्या जिवावर आलं. थोड्या नमुन्यात मेण लवकर मुरतं, म्हणून अर्धाच घेतला. उरलेलं उद्या, म्हटलं. चांगला रिपोर्ट आला आणि तो उद्या राहूनच गेला. ‘पूर्ण नमुना घेतला’ ही रिपोर्टातली ओळ नेहमीच्या सवयीनं मीच टाइप केली होती. आता तक्रारीत नाव माझं घाल. बाटलीही पाठवतोय, कापसात गुंडाळून. तिच्यात अर्धा नमुना आहे, न तपासलेला.

तुझाच,
बाबा