बाबांचे सांडे

अकोला, २० ऑक्टोबर १९६०

ती. ताईस,
देवमनचा सप्रेम जयभीम वि. वि.

इकडे सगळे बरे, एक बाबा सोडून. आई गेल्यापासून ते अर्धी भाकर खातात आणि भिंतीकडे तोंड करून बसतात. जरा बाहेर पडतील म्हणून मीच त्यांना गुडघ्याच्या तेलासाठी बाजारात धाडले, आणि तिथेच माती खाल्ली. राजस्थानकडचा एक तेलवाला जिवंत सांडे मांडून बसला होता. सांडा म्हणजे थोराड सरडाच, शेपटीला काटे, रेताड मुलखात बीळ करून राहणारा. गिऱ्हाइकासमोर त्याला कापायचे आणि चरबी कढवायची, असा धंदा. बाबांनी पंचशील घेतलेले. डोळ्यांदेखत जीव मारू देणार नाही म्हणून दोन सांडे जिवंतच विकत घेऊन आले!

तेलवाल्याला वाटले, म्हाताऱ्याला ताजाच माल लागतो. आता दर बाजाराच्या दिवशी तो नवे सांडे घेऊन आमच्या दारात बाबांना ‘किसनराव, किसनराव’ म्हणून बोंबलतो. ते तेल गुडघा सोडून आणखी कशाकशाला लावतात, ते मी तुला लिहिणार नाही. विहारात बाबा वंदना म्हणायला उठले की मागे खी खी सुरू होते. मला शाळेत मुलांपुढे तोंड दाखवायची सोय उरली नाही. तूच त्यांना समजाव.

तुझा भाऊ,
देवमन

चांदूर रेल्वे, २ नोव्हेंबर १९६०

चि. देवमनास आशीर्वाद व जयभीम.

तुहं पत्र वाचून मी इतकी हसली का चुलीवरची भाजी करपली. तुह्या भाऊजीले सांगतलं त ते पत्ताच इचारून राहिले तेलवाल्याचा!

लोकं आपल्या बापाले अजून जवान समजतात, त तुले काहून लाज वाटून राहिली? मी बाबाले काही समजावत नाही. सांडे काय खातात ते लिही. त्याच्या आंधी बाबा काय खातात ते लिही. माय गेल्यापासून मले त्याईचीच चिंता आहे. बाकी तुही इज्जत तू पाह्य.

तुही ताई,
पंचफुला

अकोला, ९ जानेवारी १९६१

ती. ताईस सप्रेम जयभीम.

सांडे पाला खातात. शेजारच्या केशरबाईंच्या परसात हरभरा आहे. बाईंचे यजमान जाऊन बरीच वर्षे झाली. बाबा रोज तिथे पाला आणायला जात, आणि पाल्यासोबत झुणका-भाकर खाऊन येत. घरी येऊन पुन्हा जेवत. चक्क हसत सुद्धा.

पण थंडी पडली तशी सांड्यांनी अंगणातल्या बिळाचे तोंड आतून मातीने बुजवून घेतले. मेले असणार. पाला आणायचे निमित्त संपले, तसे बाबा पुन्हा भिंतीकडे वळले. केशरबाईंनी स्वतः पाल्याची जुडी आणून दिली, तर घेतली नाही. मी फावडे काढले, तर बिळावर खाट टाकून बसले. ताई, ते सांडे नको झाले होते मला, पण आता मला भीती वाटते.

देवमन

अकोला, ५ मार्च १९६१

चि. सौ. पंचफुलास बापाचा जयभीम.

सांडे जिते आहेत! काल बीळ फोडून निंघाले अन् उन्हात पसरले, जसं काही झालंच नाही. मी तसाच अनवाणी केशरबाईकडे पाला आणाले गेलो. तिले म्हटलं, जनावरं निंघाले, आता मी रोज येईन. रोज येनं लोकाईले बरं दिसत नसंन, त तूच आमच्या घरी राहाले ये.

तिनं पाल्याची जुडी बांधून हाती देल्ली. मंग म्हने का लोकं त्या तेलाचं नाव घेतीन. मी म्हटलं, नाव त पयलेच झालं. तेलाचा थेंब न लावता झालं. आता ते वाया काहून घालवाचं? तवा हसली.

येत्या पुनवेले विहारात लगन आहे. तुह्या मायची याद येते, येतच राहीन. पन भिंतीसंग बोलून बोलून थकलो, पोरी. देवमन तोंड लपवून राहिला, पन फुलाचे हार त्यानंच सांगतले. तेलवाल्याले मी सोता आवतन देल्लं. जेवाले ये, पन सांडे जितेच आनजो म्हटलं.

तू यावं, अन् रडू नये. बापावर जीव असू दे.

किसनराव