व्याहीसाहेब, आपल्या गाडीचं पोट उघडलं

माननीय व्याहीसाहेब,

आपणांस आणि विहीणबाईंना वाकून नमस्कार. (गेले काही दिवस मी आपल्याच गाडीवर वाकलेला असल्यामुळे कंबर सरळ होत नाही, तेव्हा हा नमस्कार खराखुरा आहे.) आपले गुडघे काय म्हणतात? जिना उतरताना कठडा धरता ना? विहीणबाईंचा खोकला गेला का? जावईबापू वेळेवर जेवतात का? आमच्या मुलीचं मुद्दाम विचारत नाही. ज्या घरातल्या माणसाने ऑपरेशन थिएटरात उभा जन्म लोकांना भूल देण्यात काढला, त्या घरी बाळंतपणाची काळजी आम्ही का करावी? (ही करते. डोळे उघडल्यापासून करते.) मागच्या फोनवर आपण म्हणालात की जागा लहान आहे, उगाच गर्दी नको, बोलावू तेव्हा या. हिने "बरं" म्हणून फोन ठेवला आणि बाळाचं टोपडं विणायला घेतलं. तेव्हापासून घरात सुयांची टकटक चालू आहे, आणि माझे कान किती तिखट ते आपल्याला ठाऊक आहेच.

आता गाडीचं. शहरातल्या फ्लॅटवर राहायला जाताना आपण ती आमच्या पिठाच्या गिरणीच्या आवारात लावलीत आणि बजावलंत की आठवड्यातून एकदा नुसती सुरू करा, बाकी हात लावू नका, आणि मागाहून फोनवर कळवलंत की येत्या सोमवारी भंगारवाला येईल, त्याच्या स्वाधीन करा. एंजिनातला टायमिंग बेल्ट नावाचा पट्टा म्हातारा झालाय, तो धावताधावता तुटला तर आतले पिस्टन व्हॉल्व्हवर आपटतील आणि सगळ्याचा चुराडा होईल, तेव्हा या वयात खर्च कशाला, असं आपल्याला कुणीसं सांगितलं होतं. (वय गाडीचं.) आपण शहाणे, आपल्याला ते पटलं. मलाही पटलं असतं. पण ते आठवड्यातून एकदा सुरू करायचं काम मी हिच्याकडे दिलं, आणि तिथेच सगळं बिघडलं, किंवा जुळलं म्हणा. सुरू करणारीने पहिल्या आठवड्यात गाडी सुरू केली, दुसऱ्या आठवड्यात गिअर टाकून बघितला, आणि पुढे शेजारच्या ड्रायव्हिंग स्कूलच्या बाईंना गाठून, मला न सांगता, रीतसर लायसन्स काढून मोकळी झाली! मी गिरणीत हिशेब बघत बसलो होतो तर खिडकीसमोरून आमचं कुटुंब गाडी चालवत गेलं. परत आलं तेव्हा हॉर्नही वाजवला.

तर तिचा बेत असा, की आपलं बोलावणं आलं की आपल्याच गाडीतून मुलीकडे यायचं, आणि गाडी तिने चालवायची. मी म्हटलं, अगं, आपला टेंपो आहे की. त्यावर म्हणाली, "मुलीच्या सासरी मी गोणीसारखी उतरायची नाही." मग दुसरी गाडी घेऊ म्हटलं, तर हिला दुसऱ्या गाडीचा क्लच कळत नाही. म्हणजे सोमवारी भंगारवाल्याने आपली गाडी नेली की हिचं येणं पुन्हा टेंपोवर. ती भांडली नाही, हेच मला फार लागलं. नुसती टकटक वाढली.

आणि साहेब, प्रश्न होता काय, तर पट्ट्याचा! मी पट्ट्यावर जगलेला माणूस! दुसऱ्याच्या चक्कीत पीठ झाडण्यापासून सुरुवात केली ती या दोन कानांच्या जोरावर. पट्टा कुठे घासतोय, कधी सैल पडतोय, पीठ जाडं पडतंय की बारीक, हे मी रस्त्यावरून सांगतो. आपल्या गाडीचं बॉनेट उघडून कान लावला तर आत कुणीतरी कानगोष्टी केल्यासारखी कुजबुज चालली होती. म्हटलं, हा बोलतोय तोवर जिवंत आहे, गप्प झाला की संपलं. आमच्या गल्लीच्या टोकाला एक मिस्त्री आहे (गाड्यांचा; तोंडात सदा लवंग, त्यामुळे बोलणं मोजकं), त्याला बोलावला, नवा पट्टा आणवला आणि आवारातच काम काढलं. आपल्याला न विचारता, हे खरं. पण विचारलं असतं तर आपण नाही म्हणाला असतात, मग विचारून उपयोग काय?

मिस्त्रीने एकेक झाकण उतरवलं. काय ते दृश्य! आपण उघडी पोटं पुष्कळ पाहिलीत, पण हे पाहायला हवं होतंत. वर एक दातेरी चाक, खाली एक दातेरी चाक, आणि दोन्हींना कवटाळून बसलेला तो जुना पट्टा, काठांवर चिरा पडलेला. मिस्त्रीने कुठलं चाक नेमकं कुठे होतं ते कळावं म्हणून दोन्हींवर खडूने रेघा मारल्या, पट्टा सोडवला आणि मला म्हणाला, "शेठ, हात खिशात." मग कुठलासा पाना आणायला दुकानात गेला.

आता ऐका, मी काय केलं. गिरणीत नवा पट्टा चढवायचा तर आधी पुली लख्ख पुसायची, हा माझा शिरस्ता. पीठ किंवा तेल राहिलं तर पट्टा घसरतो. ज्याने पुली पुसली नाही त्याला मी कामावरून काढलेलं आहे. समोर दोन काळी कुळकुळीत चाकं. हात खिशातून आपोआप बाहेर आले. फडकं घेतलं, रॉकेलमध्ये बुडवलं, आणि चाकं अशी पुसली की आरशाने लाजावं. पुसायची म्हणजे सगळीकडून पुसायला नको का? म्हणून फिरवली. वरचं हाताने फिरवलं, खालचं पाना लावून फिरवलं. तेवढ्यात आतून बारीक "टिक्" असं ऐकू आलं. मी जागच्या जागी थांबलो.

मिस्त्री आला, चाकांकडे बघितलं, फडक्याकडे बघितलं, लवंग थुंकली. (मला तेव्हाच कळलं की आता बोलणार.) "शेठ, खडूच्या रेघा कुठायत?"

मी फडकं पुढे केलं.

"आणि चाकं फिरवलीत?"

"पुसायला. टिक् झालं, तसा थांबलो."

"टिक्लाच थांबलात? पुढे जोर नाही ना लावलात?"

"नाही रे बाबा."

"मग त्या कानांचा विमा उतरवा. वाचलात." आणि मला खुर्चीवर बसवून एका हातात जुना पट्टा, दुसऱ्या हातात नवा पट्टा दिला, म्हणजे दोन्ही हात गुंतले.

झालं होतं ते असं. टिक् वाजलं ते आत पिस्टन व्हॉल्व्हला टेकला म्हणून; आणखी रेटलं असतं तर व्हॉल्व्ह वाकला असता. वरच्या चाकावर कारखान्याची मूळ रेघ होती, ती माझ्या पुसण्यामुळेच दिसायला लागली (हे मी त्याला दोनदा सांगितलं, त्याने दोन्ही वेळा ऐकलं नाही). पण खालच्या चाकाची खूण झिजून गेलेली. मग पहिला पिस्टन अगदी वर कधी येतो ते शोधायचं, म्हणजे प्लगच्या भोकातून काहीतरी लांब, गुळगुळीत आत सोडायचं आणि ते वर उचललं जाताना बोटांनी ओळखायचं. लोखंड नको, आत ओरखडा पडेल. मिस्त्री इकडेतिकडे बघत होता. ही ओट्यावर बसून विणत होती. तिने लाकडी सुई टोपड्यातून सर्रकन ओढून काढली! टाके भराभर सुटले. अर्धं टोपडं गेलं साहेब, मी डोळ्यांनी बघितलं. सुई पुसून भोकात सोडली आणि स्वतःच दोन बोटांत धरून उभी राहिली. मिस्त्री खालून हळूहळू चाक फिरवतोय आणि ही सांगतेय, "येतंय... येतंय वर... अजून... आता नुसतं थरथरतंय... बास!" मिस्त्रीने मान वर केली आणि म्हणाला, "काकू, उद्यापासून गॅरेजला या."

मग पट्टा चढला, ताणला, हाताने फिरवून बघितला. एकदाही टिक् नाही. ही आत बसली, किल्ली फिरवली, आणि काय सांगू! एका दमात! मी बॉनेटला कान लावला तर कुजबुज बंद, नुसता एकसारखा गोड घुमारा, बारीक दळण पडताना येतो तसा. मी ओरडलो. मिस्त्री हसला. गिरणीतले दळणवाले डबे टाकून बाहेर आले.

सोमवारी आपला भंगारवाला साखळी घेऊन हजर. हिने त्याच्या समोरून आवारात एक फेरी मारली. तो म्हणाला, "चालती गाडी मी तोडत नाही, पाप लागतं." त्याला रिकामा कसा पाठवायचा म्हणून माझ्या मोडक्या चक्कीचा सांगाडा दिला. जाताना तोच बॉनेटवर थाप मारून गेला.

असो. पत्र लांबलं. प्रकृतीला जपावं.

आपला हात खिशात न ठेवलेला,
व्याही

ता.क. : गाडी आम्हालाच द्यावी ही विनंती. किंमत आपण सांगाल ती. मी घासाघीस करणार नाही (थोडी करेन).

ता.क. दुसरा : हे पत्र पोस्टाने आलेलं नाही, आपल्या इमारतीच्या वॉचमनने वर आणून दिलेलं आहे. आम्ही खाली उभे आहोत. सगळा रस्ता हिने चालवली. आता मात्र स्टिअरिंग धरून बसली आहे. म्हणते, बोलावल्याशिवाय वर पाऊल टाकणार नाही, आणि एंजिनही बंद करू देत नाही. विहीणबाईंना सांगून खिडकीतून नुसता हात करवावा. आमच्या मुलीने केला तरी चालेल.