दुसऱ्यांदा विचारायचं नाही

प्रिय चिमे,

‘प्रिय’ हा शब्द आज हट्टाने लिहिला आहे. रागाच्या भरात तोच आधी गळून पडला असता. डॉक्टरांनी घरी सोडताना आराम सांगितलाय आणि तुझ्या भाओजींनी माझं बोलणंच बंद केलंय. म्हणतात, “टाके उसवतील, सभा नंतर घे.” म्हणून लिहिते आहे. लिहिण्याने उसवलंच तर दुसरं काहीतरी उसवेल, आणि ते एकदा उसवायलाच हवं.

पित्ताशयाचं ऑपरेशन तुझ्याच वॉर्डात करायचं हा माझा आग्रह होता. धाकटी बहीण इन्चार्ज सिस्टर असताना परक्याच्या दारात कशाला जायचं? आले तेव्हा ऊर भरून आला. चादरींना सुरकुती नाही, औषधांची ट्रॉली वेळ चुकवत नाही, तुझी चाहूल लागली की अख्खा वॉर्ड सरळ होतो. शेजारच्या खाटेवरच्या शिक्षिकाबाईंना मी आल्या आल्या सांगून टाकलं, ही आमची चिमी. दुसऱ्या दिवशी मात्र तेच सांगायची लाज वाटली, कारण तोवर तुझा नियम कानावर आला होता. एकदा सांगेन, दुसऱ्यांदा विचारायचं नाही.

आणि जी विचारेल तिचं नाव ‘पुन्हाबाई’! पुढची सापडेपर्यंत ते नाव तिच्या गळ्यात. राउंडला आलेले मोठे डॉक्टर सगळ्यांदेखत तुझ्या हाताखालच्या त्या शिकाऊ पोरीला म्हणाले, “काय पुन्हाबाई, आज पुन्हा काय विसरलात?” पेशंट हसले. झाडूवाल्या मावशी हसल्या. चिमे, तूही हसलीस, ओठ मिटून. ती पोर पण हसली, आणि तशीच पुढच्या खाटेकडे पळाली. पायाला भिंगरी लावल्यासारखी दिवसभर पळणारी मुलगी. पळता पळता कुणाची उशी सरळ करील, कुणाचा चष्मा शोधून देईल. कामात कसूर नाही. प्रश्न तेवढे पडायचे तिला. माणसाला डोकं असलं की पडतात.

तू नर्सिंगला गेलीस ते दिवस आठव. रक्तदाब मोजायला शिकत होतीस आणि घरात फुकटचा दंड एकच होता, माझा. पट्टा इतका फुगवायचीस की बोटं काळीनिळी पडायची. वर दर वेळी, “ताई, ठोका कुठून मोजायचा गं?” मी पुस्तक उघडून पुन्हा दाखवायची. आई ओट्यापाशी उभी राहून म्हणायची, “अगं, विचारू दे तिला. उद्या लोकांचे जीव हिच्या हातात असणार.” पुढे तुझ्या त्या खाष्ट मोठ्या सिस्टरने भर वॉर्डात तुझ्या हातातला ट्रे भिरकावला, तेव्हा बाथरूममध्ये नळ सोडून कोण रडत होतं? दाराबाहेर मी बसले होते. आणि आज तू मान ताठ करून म्हणतेस, “आम्ही असंच शिकलो, म्हणून टिकलो.” साफ खोटं! तू टिकलीस ती त्या ट्रेमुळे नाही. घरी येऊन विचारायला तुला माणसं होती म्हणून टिकलीस. सासूने छळलं म्हणून सुनेला छळायचं, याला परंपरा म्हणतात, शिक्षण नाही. तुझ्यावर चार जणींचं काम टाकलंय, वरून साहेब लोक तुझ्यावर खेकसतात, हे मी डोळ्यांनी पाहिलं. पण वरचा दगड खाली ढकलला की तो हलका होत नाही. फक्त डोकं दुसऱ्याचं फुटतं.

या वेळी डोकं माझं होतं. माझ्या ऑपरेशनच्या दिवशीच वॉर्डात नवा पंप आला, वेदनेचं औषध सुईवाटे थोडं थोडं सोडणारा. जुन्यावर एकच आकडा लावायचा, नव्यावर आधी पद्धत निवडायची आणि मग आकडा. तू सकाळी माझ्या खाटेपाशी घाईघाईत सगळ्यांना एकदा दाखवलंस. संध्याकाळी माझं औषध बदलायची पाळी त्या पोरीची होती. तिने पद्धत चुकीची निवडली आणि औषध भलतंच जास्त जाऊ लागलं. माझा श्वास मंदावला. मला कळलं नाही, तिला कळलं; पुढचं मला शिक्षिकाबाईंनी सांगितलं. तिने आधी पंप बंद केला आणि मग सगळा वॉर्ड हादरेल अशी ओरडली, “माझी चूक झाली, औषध जास्त गेलंय!” ती एवढं बोलली म्हणून डॉक्टरांना काय द्यायचं ते तत्काळ कळलं. गप्प बसून आकडा गुपचूप सारखा केला असता, तर आज तू मला हार घालत असतीस, फोटोला. आणि शुद्धीवर येताना माझ्या कानावर पहिलं काय पडलं? तुझा आवाज: “कळत नव्हतं तर विचारायला तोंड नव्हतं का?” पोरगी मान खाली घालून उभी.

उद्या चौकशी समिती बसेल. तिला काढून टाकायचं जवळजवळ ठरल्यातच जमा आहे, हे तूच काल फोनवर सांगितलंस. वर म्हणालीस, “ताई, जेवढं विचारतील तेवढंच सांग, वॉर्डाच्या पद्धतीवर भाषण नको.” ठीक. भाषण नाही करणार. एकच गोष्ट सांगणार आहे, जी तिने कुणालाही सांगितलेली नाही, बहुतेक मला यात ओढायला नको म्हणून. चिमे, तिने विचारलं होतं. पंपापुढे ती किती तरी वेळ नुसती उभी होती. तू समोरच्या टेबलाशी बसलेली, दहा पावलांवर. तिने तुझ्याकडे पाहिलं. मग माझ्या उशाशी वाकली आणि हळूच म्हणाली, “मावशी, सकाळी सिस्टरनी यातलं कुठलं बटण दाबलं होतं, तुम्ही पाहिलंत का?” मला! भूल पुरती न उतरलेल्या, जीभ जड झालेल्या, जिच्या दंडात सुई होती त्या बाईला! तुला विचारण्यापेक्षा अर्धवट शुद्धीतल्या पेशंटला विचारणं तिला सोपं वाटलं. आता सांग, चुकीचं बटण कुणी दाबलं? समितीपुढे पहिलं बोलावणं मला आहे. तो मान मी तुला देते. तू आधी बोल. तिच्या शेजारी खुर्ची ओढून बस आणि सांग की माझ्या वॉर्डात विचारायची सोय नव्हती, ती मी आजपासून करते. तू नाही बोललीस तर मी बोलेन, टाके उसवले तरी. आणि एकदा उभी राहिलेली तुझी ताई आजवर कुणाला खाली बसवता आलेली नाही, हे तुझ्याइतकं कुणाला ठाऊक?

संतापलेली, आणि म्हणूनच तुझीच,
ताई